ऑलिव्ह ऊर्फ जैतून



हल्ली वाण्याकडे शेंगदाणा तेलाच्या डब्याशेजारी ऑलिव्ह ऑइलची बाटली दिसते. गंमत म्हणजे या नावातले दोन्ही शब्द एकाच झाडाचे आहेत. 'ऑलिव्ह' आला लॅटिन 'ओलिवा'वरून आणि 'ऑइल' आला 'ओलेउम'वरून. ओलेउम म्हणजे ऑलिव्हचंच तेल. पुढे अर्थ असा पसरला, की खडकातून निघालं तेही 'पेट्रोलियम' झालं. गॅरेजातला मिस्त्री गाडीचं ऑइल बदलतो, तेव्हा नाव ऑलिव्हचंच घेतो. पण त्याला हसायला नको. आपलं 'तेल' म्हणजे संस्कृत 'तैल', तिळाचं ते तैल. खोबरं असो की करडई, सगळ्यांना आपण तिळाच्याच नावावर चढवलं!

लॅटिनने हा शब्द घेतला ग्रीकांकडून. पण ग्रीक ग्रंथांत ऑलिव्हला 'एलाइया' म्हणतात. मग ओलिवातला 'व' आला कुठून? तो जुन्या ग्रीकमध्ये होता, नंतर गळाला. लॅटिनने शब्द उचलला तो त्याआधी. याची साक्ष पायलॉस आणि क्नोसॉस इथल्या प्राचीन ग्रीक राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्या देतात. साधी हिशेबाची टिपणं ती. राजवाडे जळाले, पाट्या भाजल्या आणि म्हणूनच टिकल्या. मायकेल व्हेंट्रिस नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने 1952 साली ती लिपी उलगडली. तेलासाठी तिथे शब्द आहे 'ए-रा-वो'. त्या लिपीत र आणि ल यांना एकच चिन्ह, म्हणून उच्चार 'एलाइवोन'. 'व' जागच्या जागी! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारकुनाने तो नोंदवून ठेवला होता.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र वेगळंच नाव. हिब्रूत 'झायित', अरबीत 'झैतून'. पोर्तुगीजांनी तर दोन्हीकडून घेतलं : झाड 'ओलिव्हेरा' लॅटिनचं, तेल 'अझेइत' अरबांचं. गोव्यात ओलिव्हेरा आडनाव भेटतं, ते याच झाडाचं.

अरबी झैतूनच फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'जैतून' होऊन आला. मराठी बायबलात जेरुसलेमजवळचा डोंगर 'जैतुनांचा डोंगर' आहे. तेव्हा ऑलिव्ह ऑइलला मराठी शब्द काय, असं कुणी विचारलं तर नवा घडवत बसू नका. जैतुनाचं तेल म्हणा.