छापील पुस्तक की मोबाइल?



पुण्याचा अप्पा बळवंत चौक.
इथे विद्यार्थी आजही जुनी क्रमिक पुस्तकं घ्यायला येतात.
त्यांत आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं केलेल्या खुणा असतात.
त्याही कामी येतात.

मग खिशातला मोबाइल?
तोही हवाच.
पीडीएफमध्ये हवी ती संज्ञा चटकन सापडते.
आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर मोफत आहे.
गावात बसूनही ते उघडता येतं.

पण श्रोतेहो,
शोधणं वेगळं, समजणं वेगळं.
अवघड सिद्धता कागदावर वाचा.
सावकाश वाचा.
समासात प्रश्न लिहा.
पुन्हा सांगते:
शोधायला मोबाइल, समजायला कागद.

आणि महागडं पुस्तक?
आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा.
परीक्षेच्या तोंडावर नको,
सत्र सुरू होतानाच विचारा.