इंग्रजीचे नवे सोवळे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. डॉ. लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक दिली, त्यांचा वारसा सांगणारे आपण आज शाळकरी मुलांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची बाजू घेतो, ही विसंगती नव्हे काय? माझ्या मते नव्हे. लोहियांचे भांडण इंग्रजी या भाषेशी नव्हते. राज्यकारभार, न्यायदान आणि प्रतिष्ठा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या तिच्या सत्तेशी होते. ती सत्ता आज कायद्यापेक्षाही उपहासाच्या बळावर अधिक चालते, आणि तिची पहिली चौकी शाळेच्या वर्गात असते.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्राने सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. शहरी सुखवस्तू घरातील मुलाला जे लवकर मिळते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलालाही मिळावे, ही त्यामागची भूमिका समतेची होती. विषय खेड्यापाड्यांत पोचला. पण धीर पोचला काय? एखादा मुलगा उभा राहून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतो आणि वर्ग हसतो. मास्तरही हसतात. त्याला दोन भाऊ आहेत, हे सर्वांना कळलेले असते; तरीही दुसऱ्या दिवशी तो हात वर करीत नाही. शाळेने त्या दिवशी त्याला इंग्रजी शिकवले नाही, गप्प बसणे शिकवले.

वस्तुतः त्या वाक्यात अडाणीपणा कोठे आहे? आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ असे म्हणतो. इंग्रजी ‘हॅव’सारखे क्रियापद मराठीत नाही. मुलाने ते क्रियापद मिळवले, चालू काळाचा नियम मिळवला आणि तो गरजेपेक्षा पुढे नेला. ‘टुडे मॉर्निंग’मागे ‘आज सकाळी’ उभे असते. इंग्रजीत जेथे दोन वेगळे ध्वनी आहेत तेथे मराठीचा एकच ‘व’ आहे. ‘थिंक’च्या आरंभीचा ध्वनी आपल्याकडे नाही, म्हणून आपण जवळचा ‘थ’ वापरतो. ही मातृभाषेच्या पायावर दुसरी भाषा उभी करण्याची रीत आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषावैज्ञानिक ब्रज कचरू यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजीच्या या भारतीयीकरणाचाच अभ्यास मांडला.

हा अपमान आपल्याला अपरिचित नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ म्हणायला लावताना मराठी शाळेने पिढ्यान् पिढ्या हेच केले. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या आडून जात तपासली गेली. शॉ यांचे १९१३ चे ‘पिग्मॅलियन’ १९७५ साली पु. लं.च्या हातून ‘ती फुलराणी’ होऊन मराठी रंगभूमीवर सहज रुजले, ते उगाच नव्हे. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रोग लंडनइतकाच आपल्याही घरचा आहे.

हा रोग शिक्षकांपर्यंतही जातो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने २००० साली सार्वमताने शाळांतील द्विभाषिक शिक्षण जवळजवळ मोडीत काढले. त्याआधी द्विभाषिक वर्गांसाठी अनेक स्पॅनिशभाषी शिक्षक नेमले गेले होते. पुढे राज्याचे निरीक्षक इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांत जाऊन शिक्षकांचे उच्चार तपासू लागले, आणि ज्यांचे उच्चार सदोष ठरतील त्यांना त्या वर्गांतून दूर करण्याचा आग्रह २०१० साली गाजला. केंद्र सरकारने नागरी हक्कांच्या दृष्टीने चौकशी केली, तेव्हा २०११ मध्ये राज्याला ही तपासणी सोडून द्यावी लागली. मुलांची भाषा जाणणारा शिक्षकच त्या मुलांना अपात्र ठरावा, यातील अन्याय वेगळा सांगायला नको.

आता एक गंभीर आक्षेप. आपले काही साथी विचारतात, श्रीमंतांच्या मुलांना चोख इंग्रजी आणि आमच्या मुलांना ‘चालेल तसली’, ही नवी वर्णव्यवस्था नव्हे काय? सावित्रीबाईंनी आपल्या कवितांतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो दुय्यम इंग्रजीसाठी खचित नव्हता. हा आक्षेप मी मानतो. म्हणूनच स्वीकार आणि शिकवण्याची टाळाटाळ यांत भेद केला पाहिजे. अर्ज, प्रबंध, करारपत्र यांची प्रमाण इंग्रजी प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. ती न देणे ही फसवणूक होय. परंतु ती शिकण्यासाठी आधी हजार चुकीची वाक्ये निर्भयपणे बोलावी लागतात. सुखवस्तू मुलाला ही मुभा घरी मिळते. गरीब मुलाला ती फक्त वर्गातच मिळू शकते, आणि तेथेच आपण ती नाकारतो.

म्हणून आपल्या शिक्षक कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. तोंडी परीक्षेत समजणे आणि समजावणे यांना गुण असावेत. मराठी वळणाच्या उच्चारासाठी गुण कापू नयेत. लेखनातील चूक कारणासह दाखवावी, चारचौघांत टर उडवून नव्हे. शिक्षकाच्या निवडीत विषयाचे ज्ञान पाहावे, कॉन्व्हेंटी ढब नव्हे. आणि मातृभाषेतून शिक्षणाचा आपला आग्रह तसूभरही ढळू नये, कारण तो पायाच खचला तर त्यावर कोणतीच दुसरी भाषा उभी राहणार नाही.

खुद्द इंग्लंडमध्येही प्रतिष्ठित मानलेला उच्चार थोड्यांचाच आहे, आणि स्कॉटलंडचा माणूस आपल्या ढंगात बोलताना शरमत नाही. मग आपल्या मुलाने का शरमावे? पाणवठा सर्वांना खुला करण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला. भाषाही पाणवठाच आहे. तेथे येणाऱ्याची ओंजळ कशी आहे, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.