कपलिंगचं रबर का झिजतं? मल्टीपर्पज मशीनवरचा बिघाड कसा शोधायचा

आजचा विषय मुठीत मावेल एवढा आहे. लाकूडकामाच्या ऑल-इन-वन मशीनमधलं कपलिंग, म्हणजे मोटरचा शाफ्ट आणि मशीनचा शाफ्ट जोडणारा तुकडा. मी इंदूरला अशा मशीनची दुरुस्ती करतो. फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याचा: "उस्ताद, बस रबर बदल दो." रबर बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. पण ते झिजलं कशानं, हे शोधलं नाही तर नवं रबरही त्याच वाटेनं जातं. म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच, की काढलेलं रबर लगेच फेकू नका. आधी उजेडात धरून नीट बघा.

मल्टीपर्पज मशीनमध्ये या तुकड्याला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांचं 'शॉपस्मिथ' हे मशीन १९४७ साली बाजारात आलं. एकाच मोटरवर गोल आरी, लेथ, ड्रिल आणि सँडर. त्याच मोटरवर पुढे बँड सॉ किंवा रंधाही जोडता येऊ लागला, तो मध्ये एक लवचिक कपलिंग घालून. आपल्याकडच्या मशीनचं रूप वेगळं असलं तरी विचार तोच आहे. रंधा, आरी, ड्रिल सगळं एका सांगाड्यावर आणि सगळ्यांना ताकद एका मोटरची. बऱ्याच मशीनवर व्ही-बेल्ट असतो. पण जिथे मोटर सरळ शाफ्टला जोडली आहे, किंवा शाफ्टच्या टोकाला दुसरी अटॅचमेंट लावली आहे, तिथे कपलिंग येतं. ते गेलं की चारही कामं एकदम बंद. साइटवर काम करणाऱ्या सुताराची त्या दिवसाची मजुरी गेली.

आपल्याकडे जास्त दिसतं ते जॉ कपलिंग. दोन हब, प्रत्येकाला तीन दात, आणि मध्ये सहा पाकळ्यांचं रबर. कुणी त्याला स्पायडर म्हणतं, कुणी स्टार रबर. एका हबचे दात रबराला ढकलतात, रबर दुसऱ्या हबच्या दातांना ढकलतं.

या कपलिंगचा एक गुण आहे आणि तोच त्याचा धोकाही आहे. रबर पूर्ण गेलं तरी मशीन चालत राहतं, कारण मग लोखंडाचे दात थेट लोखंडाच्या दातांवर बसतात. आवाज येतो, पण रंधा फिरतो. मग माणूस म्हणतो, हातातली ऑर्डर संपू दे, मग बघू. तोवर दात झिजतात, त्यांच्या कडा गोल होतात, बेअरिंगला हादरे बसतात. एखादा दात तुटला तर तो मिनिटाला २८८० फेऱ्यांच्या वेगात बाहेर उडतो. दुसरा धोका हब शाफ्टवर सैल झाल्याचा. कटर मध्येच अडतो, माणूस फळी आणखी जोरात रेटतो, आणि त्याच क्षणी हबची पकड परत बसते. फळी फेकली जाते आणि हात पुढे जातो. म्हणून कपलिंगच्या आवाजाकडे 'थोडा खडखडाट आहे' म्हणून दुर्लक्ष करू नका.

आता आवाज ओळखायचा कसा? बेल्ट घसरला तर चिरका आवाज येतो, तोही लोड आल्यावर. बेअरिंग गेलं असेल तर घरघर सतत असते आणि लोडखाली वाढते. कपलिंग सैल असेल तर मशीन चालू करताना एक 'टक' आणि बंद करताना एक 'टक' ऐकू येतो. रिकामं चालताना खडखड होते, फळी घातली की ती कमी होते, कारण लोडमुळे दात एका बाजूला दाबून बसतात. सिंगल फेज मोटरवर ही खडखड जास्त जाणवते. तिचा जोर एकसारखा नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि सैल कपलिंग प्रत्येक वेळी हलतं.

आता तपासणी. पहिली पायरी म्हणजे प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग स्वतःच्या हातानं काढा आणि कटर पूर्ण थांबू द्या. मग कपलिंगचं कव्हर उघडा. दोन्ही हबवरून खडूची एक सरळ रेघ ओढा. कटरकडची बाजू लाकडाच्या पाचरीनं अडवा आणि मोटरकडचा हब हातानं मागेपुढे फिरवून बघा. रेघ किती तुटते त्यावरून ढिलाई कळते. त्याच वेळी हब आणि शाफ्ट यांच्यात हालचाल आहे का, तेही बघा. तिथे तांबूस-तपकिरी भुकटी दिसली, तर समजा की हब शाफ्टवर घासतोय. ग्रब स्क्रू सैल आहे किंवा चावीची खाच रुंद झाली आहे.

मग रबर काढा. सहापैकी तीनच पाकळ्या दबलेल्या असतील आणि तीन चांगल्या, तर घाबरू नका. मोटर एकाच दिशेनं फिरते, त्यामुळे लोड तीन पाकळ्यांवरच येतो. या तीन पाकळ्या सारख्या झिजल्या असतील, तर ती वयाची झीज आहे. काम अडलं असेल तर रबर एक पाकळी पुढे सरकवून बसवा, चांगल्या तीन पाकळ्या कामाला येतील. पण ती तात्पुरती सोय आहे, नवं रबर मागवून ठेवा. पाकळीची जाडी मूळच्या तीन चतुर्थांशावर आली की रबर बदलायचं. म्हणजे १२ मिलिमीटरची पाकळी ९ वर आली की बस.

पाकळ्या घासून गेल्या असतील आणि कव्हरमध्ये काळी भुकटी पडली असेल, तर दोन्ही शाफ्ट एका रेषेत नाहीत. पाकळी सुरीनं कापल्यासारखी तुटली असेल, तर झटका बसलाय. पाती बोथट आहेत, एका वेळी फार जाड थर काढला जातोय, किंवा फळी कटरला टेकलेली असतानाच स्विच दाबला जातोय. रबर चिकट झालं असेल, चमकत असेल, किंवा कडक होऊन तडकलं असेल, तर उष्णता किंवा तेल तिथवर पोचतंय. आणि हबच्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील, तर नवं रबर टिकणार नाही. हबची जोडी बदला.

माझ्या पाहण्यात रबर वारंवार जाण्याचं कारण बहुतेक वेळा अलाइनमेंट असतं. आपल्याकडची मशीनं टेम्पोत चढतात, एका साइटवरून दुसरीकडे जातात, उंचसखल फरशीवर ठेवली जातात. पत्र्याचा सांगाडा थोडा पिळला की मोटर सरकते. एका कारखान्यात चार महिन्यांत तीन रबरं गेली होती. रबराची क्वालिटी खराब, असं सगळ्यांचं मत होतं. मी मोटरचे चार बोल्ट एकेक करून सैल केले. तिसरा सैल करताच मोटर वर उचलली गेली. तो पाय खाली टेकतच नव्हता, बोल्ट आवळून त्याला जबरदस्तीनं खाली ओढलं होतं. त्या पायाखाली शिम घातली, पुन्हा रेषेत बसवलं, आणि रबराचा प्रश्न सुटला.

हे घरच्या घरी असं तपासा. स्टीलची पट्टी दोन्ही हबवर आडवी ठेवा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही ठिकाणी. पट्टीखाली उजेड दिसला तर फीलर गेजनं मोजा. लहान जॉ कपलिंगला साध्या रबरावर साधारण ०.३८ मिलिमीटरचा समांतर फरक आणि एक अंशाचा कोन चालतो. पण ही शेवटची मर्यादा आहे. ०.१ मिलिमीटरच्या आसपास आणता आलं तर रबर खूप जास्त टिकेल. मग दोन हबमधली फटही चारही बाजूंनी मोजा, ती सारखी हवी. शिम पितळेची किंवा स्टीलची घ्या. अडचणीच्या वेळी कोल्ड ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो, तो जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो. बोल्ट आवळल्यावर परत मोजायला विसरू नका, आवळतानाच मोटर सरकते.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. दोन हब एकमेकांवर ठोकून घट्ट बसवू नका. रबराला थोडी मोकळी जागा हवी, नाहीतर सगळा दाब मोटरच्या बेअरिंगवर जातो. ग्रब स्क्रू आवळण्याआधी त्याचे आटे तेलमुक्त करा आणि थ्रेडलॉक लावा. आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे रबराच्या जागी घालू नका, हब शाफ्टला वेल्ड करू नका. ट्यूबचे तुकडे वेगात बाहेर फेकले जातात. वेल्ड केलेला हब पुढच्या वेळी शाफ्ट कापूनच काढावा लागतो.

शेवटी कव्हर परत लावा. गमछा, सैल बाही, हातातला धागा ओढून घ्यायला फिरणारं उघडं कपलिंग पुरेसं असतं. नवं रबर टाकल्याची तारीख मार्करनं कव्हरच्या आतल्या बाजूला लिहा. पुढचं रबर कधी गेलं ते त्यावरून कळेल. दोन-तीन महिन्यांतच परत उघडावं लागलं, तर दुकानात जाण्याआधी पट्टी आणि फीलर गेज हातात घ्या.

पुढच्या भागात व्ही-बेल्ट आणि पुलीबद्दल बोलू. तोवर काम जपून करा.