आधी मुकादमानं सावलीत बसावं

(सिंगापूरमध्ये रविवारच्या बैठकीत एका सुपरवायझर भावानं केलेलं बोलणं)

मंडळी, आज रविवार म्हणून आपण निवांत बसलोय. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून ती मागत होते. सोबत दुपारी अर्धा तास विसावा आणि पगार पंधरा तारखेच्या आत, ह्याही मागण्या होत्या. आपल्याच वाटतात ना?

मला सांगायचंय ते वेगळंच. 24 एप्रिल 1890 ला त्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळात! लोखंडे 'दीनबंधू'चे संपादक, बोलणं त्यांना काय अवघड होतं? पण ज्यांना त्रास, त्यांना बोलू दिलं.

आता आपलं. आपल्यातले काही जण साइटवर सुपरवायझर झालेत, मीपण झालो. खरं सांगतो, सुरुवातीला मी पोरांना 'ए बंगाली' अशीच हाक मारायचो. माझ्यावर जसं ओरडायचे, तसाच मी ओरडायचो. गेल्या वर्षी भर दुपारी सळई बांधताना बांगलादेशचा एक पोरगा मटकन खाली बसला. मी म्हटलं, ऊठ, नाटकं नकोत. तो उठला आणि ओकला. तासभर गरगरत होतं त्याला, पण सांगायला घाबरला. कुणाला घाबरला? मला! चार वर्षांपूर्वी मीच तिथं सळया बांधत होतो.

नियम तर त्याच्याच बाजूनं होता. ऑक्टोबर 2023 पासून, साइटवरचं उष्म्याचं मोजमाप, डब्ल्यूबीजीटी, 32 झालं की जड काम करणाऱ्याला तासाला निदान 10 मिनिटं विसावा, 33 झालं की 15. हे मला पाठ होतं. पण मी उभा असलो की कुणी बसत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता वेळ झाली की मी पहिला सावलीत जाऊन बसतो. मग सगळे येतात.

त्या पोराची माफी सगळ्यांसमोर मागितली. लाज वाटली, वाटू दे. त्याचं नाव विचारलं, तेही इतक्या दिवसांनी.

म्हणून काय सगळं चालवून घेतो? नाही. वर चढताना कुणी पट्ट्याचा हूक लावला नाही, तर काम तिथंच थांबवतो. पण चूक सांगायची ती बाजूला घेऊन. तमिळ माणसाला 'अण्णा' म्हणून बघा, ऐकतो की नाही.

अजून एक. पगाराची पावती इंग्रजीत असते, कित्येकांना ओव्हरटाइमचा आकडा कळत नाही. ती पगारासोबत किंवा कामाच्या तीन दिवसांत मिळायलाच पाहिजे. पुढच्या रविवारी आपापली पावती आणा. ज्याला वाचता येतं त्यानं शेजारच्याची वाचून द्यायची, आणि तो बंगाली असो की तमिळ, त्यालाही घेऊन या.