शाळेतील बिनतारी जाळे आणि लहरींचे नियम



एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टात शुल्क भरून परवाना काढावा लागे. आज शाळेत जी पेटी येते, आणि जिला सर्वजण राउटर म्हणतात, ती केवळ ऐकणारे यंत्र नसून बोलणारेही यंत्र आहे. किंबहुना ते एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच होय. तरीही तिच्यासाठी कोणी परवाना मागत नाही. त्यामुळे या पेटीस कायदाच लागू नाही, असा पुष्कळांचा समज झालेला आहे. तो दूर होणे अगत्याचे आहे, कारण गावात असे यंत्र बसविताना सल्ला विचारला जातो तो बहुधा गुरुजींना किंवा बाईंनाच.

वस्तुस्थिती अशी की, २००५ साली भारत सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला, आणि त्याच नियमांत मर्यादाही घातल्या. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट. अँटेनाने ती एका दिशेस एकवटल्यावर होणारी परिणामी शक्ती ४ वॅट. अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत. २०१८ साली ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांनाही सूट मिळाली. साधनाच्या नमुन्यास दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची मान्यता असावी लागते. ती निर्मात्याने अथवा आयात करणाऱ्याने घ्यावयाची असते, शाळेने नव्हे. मात्र सूट मिळाली ती एका अटीवर. परवानाधारकाच्या यंत्रणेस अडथळा झाला, तर सूट घेणाऱ्याने आपले साधन हलवावे, शक्ती कमी करावी, आणि तरीही अडथळा न थांबल्यास ते बंद करावे. उलट त्यालाच अडथळा झाला, तर संरक्षण मागण्याचा हक्क त्याला नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर येण्यास चिठ्ठी लागत नाही. म्हणून तेथे गुरे धुवावीत असे कोणी म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष चूक कोठे होते ते पाहावे. पेटीच्या मांडणीत ‘देश’ अशी एक निवड असते. तेथे भारत निवडला की भारताला लागू असलेल्या वाहिन्या व शक्तिमर्यादा यंत्र आपोआप पाळते. परंतु ‘रेंज वाढते’ म्हणून काही कारागीर दुसऱ्याच देशाचे नाव घालून देतात. परदेशी राहणाऱ्या ग्रामस्थाने प्रेमाने पाठविलेल्या पेटीतही तिकडचीच मांडणी असण्याचा संभव असतो. उदाहरणार्थ, चौदावी वाहिनी केवळ जपानात वापरात आली. तिचा मध्य २४८४ मेगाहर्ट्झवर आहे. आपला पट्टा २४८३.५ वरच संपतो. पहिल्या वाहिनीचा मध्य २४१२, पुढील प्रत्येकीचा ५ ने अधिक, यावरून तेरावीचा मध्य २४७२ येतो, हे सातवीच्या मुलांकडून फळ्यावर सहज करून घेता येईल. प्रत्येक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असल्याने शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात, हेही त्यांना तेथेच दिसेल.

शक्ती वाढवून लाभ तरी किती? मैदानात ध्वनिक्षेपकावरून गुरुजींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण त्या रांगेतील मुलाचे उत्तर गुरुजींना ऐकू येत नाही. तद्वत् पेटी मोठ्याने बोलली तरी मोबाइलची बोलण्याची शक्ती वाढत नाही, आणि जाळे तर दोन्ही बाजूंच्या बोलण्यावर चालते. पेटी उंच, मोकळ्या जागी, वर्गाच्या मध्यावर ठेवणे हाच खरा उपाय.

पाच हजारांच्या पट्ट्यातील गोष्ट अधिक गंभीर आहे. ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास पावसाचा वेध घेणारी सी-पट्ट्याची रडारे चालतात. मुंबईत वेरावली येथे २०२२ साली असे रडार सुरू झाले. रडारच्या पट्ट्यांत वापरावयाच्या साधनांत सावधगिरीची एक योजना असते. वाहिनीवर बोलण्यापूर्वी साधन किमान एक मिनिट कान देते. रडारची चाहूल लागल्यास दहा सेकंदांत वाहिनी सोडते आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. देश चुकीचा निवडला, तर हा कान बंदही पडू शकतो. २००९ च्या आरंभी पोर्तो रिको बेटावर सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारवर खोट्या रेषा उमटू लागल्या. उतरणाऱ्या विमानांना वाऱ्याच्या घातक पालटाची सूचना देणारे हे रडार. तपास करता उगम निघाला तो इंटरनेट पुरविणाऱ्यांनी उघड्यावर बसविलेल्या बिनतारी साधनांत! ग्रामपंचायतीपर्यंत आलेले इंटरनेट शाळेपर्यंत आणण्यासाठी छतावर बसविली जाणारी साधने याच जातीची असतात. ती घेताना मांडणी व खांबाची उंची शिक्षकाने स्वतः उभे राहून पाहावी.

‘बूस्टर’चे प्रकरण यांहून निराळे आहे, आणि डोंगराळ भागात हीच चूक अधिक संभवते. मोबाइलचा संदेश क्षीण येतो म्हणून एखादा दाता शाळेस बूस्टर देऊ करतो. हे यंत्र परवानामुक्त पट्ट्यात नव्हे, तर मोबाइल कंपन्यांनी सरकारकडून मोल देऊन घेतलेल्या लहरींत बोलते. खाजगी व्यक्तीने वा संस्थेने ते बाळगणेही बेकायदेशीर आहे. ते संदेशाबरोबर गोंगाटही वाढवून मनोऱ्याकडे पाठविते, आणि मग मैलभर पलीकडच्या वस्तीवरील बाळंतिणीसाठी १०८ ला केलेला फोन लागत नाही. अशी देणगी सौजन्याने, पण ठामपणे नाकारावी. गावात मोबाइल पोहोचत नसल्यास ग्रामसभेचा ठराव करून कंपनीकडे व दूरसंचार विभागाकडे लेखी मागणी करता येते.

नवी पेटी आली की जडसंग्रह नोंदवहीत किमतीबरोबर नमुना क्रमांक व मान्यता क्रमांक लिहावा. तो वेष्टनावर नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावा, आणि तोवर पेटी जोडू नये. नोंदीखाली निवडलेला देश, वाहिनी व बसविणाऱ्याची सही असावी. वीज जाऊन आल्यावर किंवा मांडणी पुसली गेल्यावर देशाची निवड पुन्हा एकदा पाहून घ्यावी. ती कधी कधी मूळपदावर गेलेली असते.