तबकडीमागचा घुंकार



माळ्यावरच्या तबकड्या उतरवल्या, टर्नटेबल मांडले,
आणि गायकाचा षड्ज लागण्यापूर्वीच
स्पीकरमधून अखंड घुंकार सुरू झाला,
अशी तक्रार अलीकडे पुष्कळदा कानी येते.

सुईमागच्या कार्ट्रिजचा विद्युत्संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा.
फोनो प्रीअँप तो शंभरपट, कधी त्याहूनही अधिक, वाढवतो;
आणि तबकडी कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दबलेले असल्याने
त्यांना विशेषच उचलून धरतो.
घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट नेमका त्याच मंद्र प्रदेशातला!

म्हणून प्रथम अर्थिंगची खातरजमा करावी.
टर्नटेबलमागून एक बारीक, सुटी तार निघते.
तिचे टोक प्रीअँपच्या अर्थ-स्क्रूखाली घट्ट आवळावे;
बहुधा ती कपाटामागे लोंबतच राहिलेली असते.
तार जोडताना अँप्लिफायर बंद ठेवावा.

एवढ्याने भागले नाही,
तर सर्व यंत्रे एकाच स्विचबोर्डावर घ्यावीत.

मग टोनआर्म हाताने, सुई न टेकवता, तबकडीवरून हळूच फिरवावा.
जागेगणिक घुंकार कमीजास्त झाला,
तर दोष मोटारीच्या वा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकक्षेत्राचा.
अँप्लिफायर हातभर दूर सरकवावा.
महागडी केबल घेण्याची घाई नको;
माझ्या मते तो खर्च बहुतेक वेळा व्यर्थच.

पुन्हा सांगतो, आधी अर्थिंगची तार पाहा.
मात्र घुंकार थांबतो म्हणून
प्लगची तिसरी पिन कोणीही, कदापि काढू नये;
ती तुमच्या जीविताच्या रक्षणासाठी आहे.