जुन्या मोटारीची टिकटिक

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या लोहाऱ्यांतील एका स्नेह्यांची एम. जी. टी. सी. मोटार अर्धा कोस चालून बंद पडूं लागली. १९४५ ते १९४९ या काळांत विलायतेंत बनलेली ही दोन आसनांची गाडी. एंजिन १२५० घनसेंटिमीटरचें, कार्बुरेटर दोन.

यवतमाळचें ऊन पाहून पेट्रोलची नळींत वाफ होते, असा सर्वांनीं निकाल दिला. मलाही तो पटला होता. परंतु पहांटेच्या गारव्यांतही गाडी थांबलीच. तेव्हां नवा पंप परदेशांतून मागवावयाचें ठरूं लागलें.

या गाडीचा विजेचा पंप किल्ली फिरवितांच टिकटिक करतो आणि कार्बुरेटरचीं भांडीं भरलीं कीं गप्प बसतो. टिकटिक मुळींच नसती, तर दोष विजेचा म्हटला असता. येथें ती थांबेचना. टाकी भरलेली, बाहेर थेंबही नाहीं. म्हणजे पंप हवा ओढीत असला पाहिजे. एंजिन थंड झाल्यावर पंपापुढची नळी सोडवून पेट्रोल बाटलींत घेतलें. (विडी पेटविणाऱ्या एका उत्साही मदतनिसास मीं वर्गांतल्या आवाजांत अंगणाबाहेर घालविलें.) धारेंत बुडबुडेच बुडबुडे!

टाकी व पंप यांमधील रबरी नळीस केसाएवढी चीर होती. ती गळत नव्हती, पण ओढ लागतांच हवा घेई. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुनें रबर व बूच त्यापुढें टिकत नाहींत. इथेनॉल सोसणारी नळी बसविली, किल्ली फिरविली. पंप दहाबारा वेळां टिकटिकला आणि गप्प झाला.